'नुसती काठी हलवतो' म्हणे! नेमे यॅर्वीवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला, बहुतेक तिसऱ्यांदा. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एस्टोनिया नावाच्या टिचभर देशातला 'नीमी जार्वी' नावाचा कंडक्टर (बसचा नव्हे, ऑर्केस्ट्रापुढे उभा राहून तो चालवणारा), त्याने म्हणे ४००च्या वर रेकॉर्ड्स केल्या, म्हणजे काम किती सोपं असेल बघा, वाजवणारे वाजवतात आणि हा नुसती काठी हलवतो. सोव्हिएत रशियात कोणी विचारलं नाही म्हणून डॉलरसाठी अमेरिकेत पळाला. आणि शेवटी दोन्ही पोरांना पण त्याच गादीवर बसवलं. खाली हसणारे इमोजी आणि आमच्या काकांची पुस्ती, "याला म्हणतात बिनकामाचा पगार."

काका, राग मानू नका, पण मी गेली काही वर्षं या माणसाच्या रेकॉर्ड्स ऐकतोय त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

आधी नाव. एस्टोनियन भाषेत J लिहिलं की 'य' वाचतात आणि दोन e लागोपाठ आले की लांब 'ए', म्हणून तो नेमे यॅर्वी. आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मांडवात जुनी हिंदी गाणी म्हणणारा ग्रुप असतो तो नाही, ऐंशी-नव्वद वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा.

"काठी हलवतो, बाकी काय करतो?"

यातला खरा भाग आधी मान्य करून टाकतो. कंडक्टरशिवाय ऑर्केस्ट्रा चालूच शकत नाही असं अजिबात नाही. न्यूयॉर्कचा ऑर्फियस १९७२ पासून बिनकंडक्टरचा वाजवतोय, आणि मॉस्कोत १९२२ ते १९३२ पर्सिमफान्स नावाचा अख्खा मोठा ऑर्केस्ट्रा कॉम्रेड मंडळींनी साहेबाशिवाय चालवून दाखवला. पण त्यासाठी तालमी किती लागतात ते बघा, प्रत्येक गोष्टीवर चर्चा, कुठे हळू घ्यायचं, कुठे ट्रंपेटने आवाज खाली ठेवायचा, कुठे सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा. कंडक्टर असला की हे निर्णय एक माणूस घरून ठरवून येतो आणि दोन-तीन दिवसांच्या तालमीत बसवतो. कार्यक्रमात आपल्याला दिसते ती काठी म्हणजे नुसती आठवण करून देणं, खरं काम आदल्या दिवशीच झालेलं असतं. आणि ठोक्यावर सगळ्यांची नजर असते असं आपल्याला वाटतं, पण महत्त्वाचा असतो तो ठोका पडायच्या आधी वर जाणारा हात, लय तिथेच कळते.

ऑपेरात, म्हणजे गाऊनच चालणाऱ्या नाटकात, तर अजून कठीण. संगीत नाटकात गायक नटाने तान लांबवली की ऑर्गनवाला आणि तबलजी कसे सांभाळून घेतात ते काकांनी भरपूर बघितलंय. तिथे सांभाळणारे दोघंच. इथे स्टेजपुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसलेत, वाजवताना त्यांना स्टेज दिसत नाही, वर गायिका, मागे कोरस म्हणजे समूहगायक, आणि गायिकेने एक श्वास जास्त घेतला तर त्या सगळ्यांना त्याच क्षणी एकत्र थांबवायचंय. यॅर्वीने एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनच्या एस्टोनिया थिएटरमध्ये हेच काम १९६३ पासून बारा वर्षं केलं, मुख्य कंडक्टर म्हणून. त्याच वर्षी रेडिओचा ऑर्केस्ट्रा पण त्याच्याकडे आला. वय तेव्हा २६.

त्याचे व्हिडिओ बघितलेत तर एक गंमत दिसेल, हात अगदी छोटे असतात, मधेच हात खाली सोडून देतो आणि नुसत्या भुवईने किंवा खांदा उडवून पुढची एंट्री देतो. हे बघून 'काहीच करत नाही' वाटणं साहजिक आहे, पण लोकल चालवणारा मोटरमनपण बसलेलाच दिसतो ना.

"४०० रेकॉर्ड्स म्हणजे पाट्या टाकल्या"

आकडा खरा आहे. पण भागाकार करा, कारकीर्द पन्नास वर्षांच्या वरची, म्हणजे वर्षाला साधारण आठ. आणि बऱ्याचदा असं होतं की आठवडाभर तालीम आणि कार्यक्रम ज्या संगीताचे झाले तेच लगेच रेकॉर्ड करतात, एका तयारीत दोन कामं. तो भराभर रेकॉर्ड करतो हे टीकाकार पण म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर काही रेकॉर्ड्स खरंच घाईत उरकल्यासारख्या वाटतात, तिथे अजून एक दिवस तालीम हवी होती. ते सोडा.

पण त्याने काय रेकॉर्ड केलं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बघितलंच नाही. पाचशे वेळा झालेलं तेच तेच परत केलेलं नाहीये. एडुआर्ड ट्युबिन नावाचा एस्टोनियन संगीतकार, १९४४ मध्ये रशियन फौजा परत आल्या तेव्हा देश सोडून स्वीडनला गेला आणि १९८२ मध्ये तिथेच वारला. दहा पूर्ण सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना, लिहून ठेवल्या होत्या, बाहेरच्या जगात फारसं कोणी ओळखत नव्हतं. यॅर्वीने त्या सगळ्या बिस या स्वीडिश कंपनीसाठी रेकॉर्ड केल्या. आज आपण मोबाइलवर ट्युबिन ऐकू शकतो ते प्रामुख्याने त्यामुळे. स्वीडिश लोकांचा स्टेनहमार आणि बेरवाल्डपण त्याने असाच जगापुढे आणला, आणि अमेरिकेत डेट्रॉइटच्या ऑर्केस्ट्राकडे गेल्यावर चॅडविक, एमी बीच, विल्यम ग्रँट स्टिल, ड्यूक एलिंग्टन, म्हणजे अमेरिकनांना त्यांचेच संगीतकार एका एस्टोनियन माणसाने वाजवून दाखवले. पाट्या टाकणारा माणूस कोणाला पाठ नसलेलं संगीत कशाला उचलेल, त्यात मेहनत दुप्पट असते.

"तिकडे कोणी विचारलं नाही म्हणून पळाला"

हे वाचून मात्र डोकं फिरलं.

यॅर्वी १९३७ चा, टॅलिनचा. लेनिनग्राडला राबिनोविच आणि म्राविन्स्की या कंडक्टरांकडे शिकला, १९७१ मध्ये रोमच्या सांता चेचिलिया या संगीतसंस्थेच्या कंडक्टरांच्या स्पर्धेत पहिला आला. १९७९ मध्ये, म्हणजे देश सोडायच्या आधीच, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'युजीन अनेगिन' हा ऑपेरा करून आला होता. याला 'कोणी विचारलं नाही' म्हणतात का?

आता १९६८ चं बघा. आर्वो पॅर्त हा एस्टोनियन संगीतकार, तेव्हा तिशीतला, त्याने पियानो, कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी 'क्रेडो' लिहिलं. सुरुवात आणि शेवट बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या सी मेजर प्रिल्यूडवर, तोच छोटा साधा तुकडा जो पियानो शिकणारी पोरं वाजवतात, आणि मधे सगळं फाटत जातं, कोरस ओरडतो, डोळ्याच्या बदल्यात डोळा, दाताच्या बदल्यात दात, नुसता गोंगाट, आणि मग हळूहळू परत तो प्रिल्यूड. पण खरा घोळ पहिल्याच ओळीत, लॅटिनमध्ये सरळ 'येशू ख्रिस्तावर माझा विश्वास आहे'. सोव्हिएत युनियनमध्ये (एस्टोनिया तेव्हा त्याचाच भाग होता), आणि तेही प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसून तीन महिने झालेले असताना. १६ नोव्हेंबर १९६८ ला यॅर्वीने वरच्या लोकांना न विचारता ते टॅलिनमध्ये वाजवलं. वर गदारोळ झाला, तुकड्यावर बंदी आली. त्यानंतर पॅर्तचं लिखाण जवळजवळ आठ वर्षं आटलं, आणि १९७६ मध्ये तो परत आला तो ज्या शांत शैलीसाठी जग त्याला ओळखतं ती घेऊन.

नुसती काठी हलवणाऱ्याला कुठलं संगीत वाजवायचं यावरून त्रास होत नसतो. काय वाजवायचं हे ठरवणं हाच त्याच्या कामाचा अर्धा भाग, आणि तिथे तो जबाबदार धरला जातो.

जानेवारी १९८० मध्ये बायको आणि तीन मुलं घेऊन तो अमेरिकेला गेला. पॅर्तनेही त्याच महिन्यात देश सोडला. आता डॉलरचं. पुढची मोठी नोकरी कुठे धरली, तर स्वीडनमध्ये गोथेनबर्गला, १९८२ मध्ये, एका प्रांतिक ऑर्केस्ट्रात. तिथे २२ वर्षं राहिला. १९९७ मध्ये त्याच ऑर्केस्ट्राला स्वीडनचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा असा दर्जा मिळाला. मधे चार वर्षं स्कॉटलंडचा ऑर्केस्ट्रा, तिथल्या प्रोकोफिएव्हच्या सिम्फनी ऐका एकदा. डॉलरवालं डेट्रॉइट आलं ते थेट १९९० मध्ये.

"पोरांना गादीवर बसवलं"

आडनावाचा फायदा होतो, झालाच असणार, नाही कशाला म्हणू. नेमेचा स्वतःचा थोरला भाऊ वालोपण कंडक्टरच होता. ज्या घरात उठल्यापासून झोपेपर्यंत तेच कानावर पडतं तिथली मुलं त्याच वाटेला जातात, आपल्याकडे त्याला घराणं म्हणतो आणि कौतुक करतो. (मुलगी मारिका बासरी वाजवते, तिला फॉरवर्डवाला विसरलाच.) पण थोरला पावो २००४ पासून जर्मनीतल्या ब्रेमेनच्या ज्या डॉइश कामरफिलहार्मोनी या ऑर्केस्ट्राचा प्रमुख आहे, तिथे मालक कोण माहितीये? वादक स्वतः. शेअर्स त्यांच्याच नावावर आहेत. वडिलांचा फोन आला म्हणून असले लोक कोणाला वीस वर्षं सांभाळत नाहीत.

बाकी, जुलै २००१ मध्ये एस्टोनियातल्या पॅर्नू गावी नेमेला मेंदूत रक्तस्राव झाला होता, वय ६४. त्यातून उठून परत डेट्रॉइटला उभा राहिला आणि २००५ पर्यंत तिथे होता, मग २०१० ते २०२० एस्टोनियाचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा, म्हणजे तोच जुना रेडिओचा. त्याच पॅर्नूत २०११ पासून पावो दर उन्हाळ्यात महोत्सव भरवतो, आणि तिथे नवीन कंडक्टरांचे वर्ग असतात. पोरं समोरच्या खऱ्या ऑर्केस्ट्रापुढे उभी राहतात, काठी त्यांच्याही हातात असते.

काकांना 'क्रेडो' वेगळं पाठवलंय. पाव तासाच्या आतलंच आहे, फक्त हेडफोन लावून ऐका म्हटलं, मधल्या गोंगाटाला काकू उठून येतील.