निर्देशांकाला पक्ष नसतो
सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, सावरला म्हणजे कोरोनातल्या टाळेबंदीचा निर्णय बरोबर होता, असं या लेखात म्हटलंय. त्यावरून वरच्या प्रतिक्रियांत दोघांची जुंपलीय. एक केंद्राची आरती ओवाळतोय, दुसरा राज्याची. अहो, २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी आपटला तेव्हा देशव्यापी टाळेबंदी जाहीरसुद्धा झाली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी रात्री आठला झाली. आणि एप्रिल-जूनमध्ये जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, २३.९ टक्के घसरल्याचा आकडा आला, तोवर बाजार बराच वर निघाला होता. तेव्हा रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर होता, एफडीत राम नव्हता, परदेशी पैसा येत होता, मग घरी बसलेल्यांनी शेअर घ्यायला धडाधड डिमॅट खाती उघडली. यात कुठल्या पक्षाचं कर्तृत्व?

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत आमच्या गल्लीतला कापडवाला अर्धं शटर वर करून, रस्त्यावर नजर ठेवत गिऱ्हाइकाला कापड मापून देत होता. म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, म्हणजे एसआयपी, मोडून त्याने दुकानाचं भाडं भरलं. तेव्हा सेन्सेक्स ४७-४८ हजारांवर होता, बरं का! निर्बंध हवेत की नकोत हा वाद जरूर घाला, पण पुरावा म्हणून आपल्या शेअर्सच्या पोर्टफोलिओचा स्क्रीनशॉट कशाला टाकता?