कपातीनंतर डिझाइन फर्म ‘हलकी’ होत नाही

आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मंडळींमध्ये एक सल्ला बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: नोकरकपात करावी लागली म्हणून डिझाइन फर्मने खचू नये, उलट त्या संधीचं सोनं करावं. पगाराचा बोजा उतरला की फर्म हलकी होते. मागे उरतात ते उत्तमच लोक. त्यांचा जवळजवळ प्रत्येक तास बिलात यावा. पार्टनरांनी पुन्हा ड्रॉइंगला बसावं. तपासणी आणि प्रशिक्षणावर जाणारे ‘न दिसणारे’ तास बंद करावेत. मिळेल ते काम मिळेल त्या फीला घ्यावं. क्लायंटला यातलं काही कळू देऊ नये. राहिलेली कसर सॉफ्टवेअर भरून काढेल.

अडचणीत सापडलेल्या मालकाला धीर हवा असतो आणि हा सल्ला तो देतो, म्हणूनच तो इतका पसरला असावा. पण डिझाइन फर्मचं रोजचं कामकाज सांभाळणारी व्यक्ती म्हणून मला तो धोकादायक वाटतो. कपातीत पगारपत्रकावरची नावं कमी होतात. क्लायंटला दिलेल्या तारखा, साइटला द्यायची उत्तरं, सही होऊन गेलेल्या ड्रॉइंगची जबाबदारी, यांतलं काहीही त्या दिवशी कमी होत नाही. ते नंतर बसून, एकेका प्रोजेक्टची फाइल उघडून, समोरच्याशी बोलून कमी करावं लागतं. या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा नेमकं तेच काम टाळायला सांगतो.

पहिला मुद्दा पैशाचा, आणि तो ऐकायला सर्वांत पटण्यासारखा आहे: पगार गेले, म्हणजे खर्च उतरला. हिशोब मांडून पाहू. समजा, प्रोजेक्टवर थेट खर्च होणारे पगार १०० आहेत आणि जागा, विमा, सॉफ्टवेअर, हिशोबनीस, रजा वगैरे धरून ओव्हरहेड १६०. म्हणजे थेट पगाराच्या प्रत्येक १ मागे फर्मला २.६० कमवावे लागतात, तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. आता थेट पगार ३० ने कमी केले. राहिले ७०. ओव्हरहेडपैकी त्या माणसांशी बांधलेला भाग गेला, समजा २०. राहिले १४०. आता ओव्हरहेड थेट पगाराच्या दुप्पट झालं आणि प्रत्येक १ मागे ३ कमवावे लागतात. एकूण खर्च कमी झाला हे खरं, पण तासाचा दर वाढला. आणि कपातीची वेळ येते तीच मंदीत, जेव्हा क्लायंट फी वाढवून द्यायला मुळीच तयार नसतो.

त्यामुळे कपातीनंतर पहिल्या आठवड्यात करायचं काम कंटाळवाणं आहे: प्रत्येक कराराची नूतनीकरणाची तारीख काढणं. सॉफ्टवेअरचे परवाने बहुधा वर्षाच्या बोलीवर घेतलेले असतात. माणूस गेला तरी त्याच्या नावाचा परवाना तारीख येईपर्यंत पैसे खातो, आणि तारीख चुकली तर आणखी एक वर्ष खातो. जागेचा करारही तसाच. ओव्हरहेड मुद्दाम खाली आणल्याशिवाय येत नाही. एकच खर्च मात्र घाईने कापू नये, तो म्हणजे व्यावसायिक जबाबदारीचा विमा, म्हणजे डिझाइनमधल्या चुकीबद्दल फर्मवर दावा आला तर संरक्षण देणारा. या पॉलिसी बहुतेक वेळा दावा दाखल होताना चालू असाव्या लागतात, काम केलं त्या वर्षी होत्या एवढं पुरत नाही. जुन्या इमारतीत काही वर्षांनी पाणी गळायला लागलं तर दावा आजच्या फर्मवर येईल, मग ते ड्रॉइंग काढणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असो.

‘उरतात ते उत्तम, आणि नोकरी वाचल्याबद्दल ते कृतज्ञ असतात.’ या वाक्याचा मला खरोखर राग येतो. एक तर ते गेलेल्यांचा अपमान करतं. कपातीत माणसं बहुधा गुणवत्तेवर जात नाहीत, कोणता प्रोजेक्ट थांबला त्यावर जातात. दुसरं, ते खरंही नाही. कपातीतून वाचलेल्यांचा अभ्यास व्यवस्थापन क्षेत्रातले संशोधक जोएल ब्रॉकनर यांनी १९८० च्या दशकापासून केला. मागे राहिलेले लोक गेलेल्यांना कसं वागवलं गेलं हे बारकाईने पाहतात आणि आपली निष्ठा त्यावर ठरवतात, असं त्यांच्या कामातून दिसलं. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की कपात केलेल्या कंपन्यांतून नंतर आपणहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. आपणहून जातो तो ज्याला बाहेर मागणी आहे तो. डिझाइन फर्ममध्ये तो बहुधा मधल्या अनुभवाचा माणूस असतो, जो मॉडेलही सांभाळतो, साइटवरही जातो आणि नव्या मुलांना तपशील समजावूनही देतो. २००८ च्या मंदीत अमेरिकेतले अनेक तरुण आर्किटेक्ट हा व्यवसाय सोडून गेले आणि परतले नाहीत. काम पुन्हा आलं तेव्हा याच मधल्या फळीची उणीव फर्मना जाणवली.

कृतज्ञतेवर विसंबण्याऐवजी मागे उरलेल्यांना खरी माहिती द्यावी. हातात किती महिन्यांचं काम आहे, कोणती येणी थकली आहेत, पुढचा निर्णय केव्हा आणि कशावर होईल. ‘यापुढे कपात होणार नाही’ हे पुढचे आकडे पाहिल्याशिवाय बोलू नये. एकदा बोलून मोडलं, की त्यानंतर सांगितलेली कोणतीही गोष्ट लोक मानत नाहीत.

आता तासांबद्दल. उरलेल्या प्रत्येकाचा तास बिलात आला पाहिजे, ९५ टक्के वेळ प्रोजेक्टवर गेला पाहिजे, असं हा सल्ला सांगतो. यात काय बिघडतं ते रांगांच्या गणितातून कळतं, आणि ते गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्यावर पहिला निबंध लिहिला. त्यातून पुढे आलेलं सर्वांत साधं सूत्र घ्या: काम अनियमित येत असेल आणि ते करणारी व्यक्ती ८० टक्के गुंतलेली असेल, तर एका तासाच्या कामाला सरासरी ४ तास रांगेत थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ तास. ९५ टक्क्यांना १९. प्रत्यक्ष फर्म या सूत्राइतकी साधी नसते, पण दिशा हीच असते. डिझाइन फर्मकडे येणारं बरंचसं काम असंच न सांगता येतं. कंत्राटदाराची शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष भाग कसे बनवणार हे दाखवणारी, फर्मने तपासायची ड्रॉइंग) एकदम गठ्ठ्याने येतात, साइटवरून प्रश्न येतो, मंजुरी देणारं कार्यालय शेरा मारून फाइल परत पाठवतं. सगळे ९५ टक्क्यांवर असतील तर तासाभराच्या उत्तरासाठी साइट दोन-तीन दिवस खोळंबते. तो खोळंबा दाव्याच्या रूपात फर्मकडे परत येतो. टाइमशीट मात्र सुंदर दिसते.

आणि ते ९५ टक्के गाठायचे कसे, तर तपासणीचे तास बंद करून. इथे मला थांबून बोलायचं आहे.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ कल्पनेत दोन्ही पूल त्याच सलग सळ्यांनी टांगलेले होते. कारखान्यात भाग बनवण्याच्या सोयीसाठी प्रत्येक सलग सळीच्या दोन झाल्या. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर खालच्या पुलाचंही वजन आलं, भार दुप्पट झाला. मूळ जोडही नियमात बसण्याइतका मजबूत नव्हता. बदललेला जोड शॉप ड्रॉइंगमध्ये होता, त्यावर इंजिनिअरच्या कार्यालयाचा शिक्का होता, पण तो जोड कुणी गणित करून तपासला नव्हता. या दुर्घटनेचा नोकरकपातीशी संबंध नाही, मी तो जोडतही नाही. मी ती सांगते आहे कारण शॉप ड्रॉइंगवरचा शिक्का हे ‘न दिसणाऱ्या’ तासांचं काम आहे. ते तास बिलात वेगळे दिसत नाहीत, म्हणून कापायला सर्वांत सोपे वाटतात. माणसं कमी झाल्यावर तपासणीची गरज उलट वाढते, कारण प्रोजेक्ट हातोहात बदललेले असतात आणि नव्याने जबाबदारी घेणाऱ्याला कोणता तपशील का तसा ठेवला आहे हे माहीत नसतं. ज्याने ड्रॉइंग काढलं त्यानेच ते तपासून सही करायची, ही वेळ आली तर ते ड्रॉइंग बाहेर जाऊ नये. तारीख पुढे ढकलावी.

पार्टनरांनी ड्रॉइंगला बसावं, यात अर्धं तथ्य आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांनी प्रोजेक्टमध्ये उतरायलाच हवं, पण रेषा मारायला नव्हे, हस्तांतरासाठी. गेलेल्या माणसाबरोबर काय काय गेलं हे त्यांनाच शोधता येतं. शेवटचं कोणतं रिव्हिजन साइटवर आहे? क्लायंटला तोंडी काय कबूल केलं होतं? मूळ करारात नसलेलं किती काम ‘नंतर बघू’ म्हणून करून दिलं? हा शेवटचा प्रश्न रोकडीचा आहे. केलेलं पण बिल न झालेलं काम बरेचदा फक्त त्या माणसाच्या ईमेलमध्ये आणि डोक्यात असतं. तो जाण्याआधी, सन्मानाने, त्याच्याबरोबर बसून ते लिहून घेतलं तर पुढच्या महिन्याचं बिल त्यातून निघू शकतं. दार बंद करून त्याला तासाभरात बाहेर काढलं, तर ते पैसेही त्याच्याबरोबर गेले. शिवाय मंजुरीच्या कागदांवर सही करणारा नोंदणीकृत व्यावसायिकच गेला असेल, तर संबंधित कार्यालयाला कळवून दुसऱ्याचं नाव रीतसर लावावं लागतं. जुन्या सहीवर नवं ड्रॉइंग पाठवणं हा गुन्हाही ठरू शकतो.

हस्तांतर झालं की पार्टनरने ड्रॉइंगवरून उठावं. तो दिवसभर तपशील काढत बसला तर नवीन काम आणायला आणि थकलेली बिलं मागायला कुणीच उरत नाही. आज ड्रॉइंग वेळेवर जातील आणि काही महिन्यांनी काढायला ड्रॉइंग नसतील.

क्लायंटपासून लपवणं तर शक्यच नाही. त्याला रोज फोन करणारा माणूस अचानक फोन करेनासा होतो, तिथेच त्याला कळतं. त्याला फर्मकडूनच कळावं, त्याच आठवड्यात, आणि सोबत तीन गोष्टी कळाव्यात: आता तुमचं काम कोण पाहणार, कोणत्या तारखा पाळू, कोणत्या पाळू शकत नाही. तिसरी गोष्ट सांगताना जीभ अडखळते, पण सगळ्या बोलण्याचं वजन तिच्यावरच असतं. काही क्लायंट चिडतील, एखादा काम काढूनही घेईल. जे राहतात त्यांच्याबरोबर वेळापत्रक नव्याने लिहून त्यावर सही घ्यावी. फर्मवरचं ओझं खरोखर कमी होतं ते इथे.

मिळेल त्या फीला काम घेण्याबद्दल फार लिहायला नको. वरचा हिशोब पुन्हा पाहा: ३ शिवाय भागत नाही तिथे २.५ ने घेतलेलं काम प्रत्येक तासाला तोटा वाढवतं, आणि ते करायला लागणारी माणसं तर आपण नुकतीच कमी केली आहेत. सॉफ्टवेअरने रेखाटन वेगाने होतं, हे मी रोज पाहते. जास्त ड्रॉइंग लवकर तयार झाली की तपासणाऱ्यापुढची रांग वाढते, आणि सही अजूनही माणसाचीच लागते.

काम परत यायला लागलं की पहिला फोन गेलेल्यांनाच करावा. त्यांना प्रोजेक्ट माहीत असतात, क्लायंट माहीत असतो, फर्मची ड्रॉइंग मांडायची पद्धत माहीत असते. सुरुवातीला ठरावीक कामापुरतं बोलावलं तरी चालेल, पण लेखी करार करून, योग्य दर देऊन, आणि त्यांचं काम फर्मच्या विम्यात बसतं का हे विमा कंपनीला आधी विचारून. अशा फोनवर ते ‘येतो’ म्हणतील की नाही, हे कपातीच्या दिवशी त्यांच्याशी कोण बोललं, किती वेळ बोललं आणि देणी वेळेवर दिली की नाही यावर ठरलेलं असतं.