‘हॉटेलातल्या पोरांना निष्ठा नाही’ म्हणणाऱ्यांना

सिंहस्थ जवळ येतोय तसा नाशिकच्या हॉटेलवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. आशय असा: आजच्या पोरांना निष्ठा नाही, ताण सोसवत नाही, सीझनच्या तोंडावर पळतात, मालक कडक असला तरच माणूस टिकतो. या शहरात हॉटेल लाइनमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, यातलं बहुतेक सगळं चुकीचं आहे.

आधी निष्ठा. जो टिकला तो निष्ठावान, हे गृहीतच धरता येत नाही. मायर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये कामाशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासून राहणं, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं आणि राहायला हवं या जाणिवेने राहणं. उचल देऊन बांधलेला वेटर दुसऱ्या प्रकारातला. उचल फिटेपर्यंत तो हजर असतो, पण टेबलावरचं पाणी संपलंय हे त्याला दिसत नाही. फिटली की दुसऱ्या दिवशी येत नाही. मग शेठ म्हणतात, एवढं देऊनही गेला.

‘ताण सोसवत नाही’ हे तर मला सगळ्यात जास्त लागतं. पहाटे नाशिक रोड स्टेशनवरून एक कुटुंब लॉजवर येतं. सोबत म्हातारी आई. आंघोळ करून त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जायचंय. चेक-इन दुपारी बाराला. दोन-तीन खोल्या झाडूनपुसून तयार आहेत, किल्ल्या मागच्या बोर्डावर लटकतायत. पण मॅनेजरला विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही आणि मॅनेजर फोन उचलत नाही. रिसेप्शनवरचा मुलगा ‘साहेब बसा, चहा सांगतो’ एवढंच म्हणू शकतो. शिव्या तोच खातो. खोली दिलीच तर सकाळी मॅनेजरच्याही खातो. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार शून्य, अशा ठिकाणी माणूस सर्वांत जास्त पिचतो, हे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. एक खोली आंघोळीपुरती उघडायची मुभा त्या मुलाला दिली तर खर्च किती? एक टॉवेल, एक साबण आणि थोडं गरम पाणी.

वर ब्रेक शिफ्ट. अकरा ते तीन, परत सात ते बारा. मधल्या वेळात दिंडोरीला घरी जाऊन येणं परवडत नाही, म्हणून पोरं बँक्वेट हॉलच्या खुर्च्या जोडून आडवी होतात. कागदावर नऊ तास, घराबाहेर तेरा-चौदा. सोसण्याची ताकद आणखी कशी मोजायची?

सीझनला ताण येणारच, असंही म्हणतात. पण श्रावणी सोमवार, नवरात्रातला वणीचा गड, थर्टी फर्स्ट, मुंबई-पुण्याहून गर्दी आणणारे लांब वीकेंड, हे सगळं कॅलेंडरवर आधीच छापलेलं असतं. तरीही रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, शोधायला सुरुवात आदल्या रात्री होते.

कडकपणाला माझा विरोध नाही. किचन शिस्तीशिवाय चालत नाही. पण रविवारच्या गर्दीत ऑर्डर चुकली, तर कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, वेटरला गेस्टसमोर झापतो, की ट्रे स्वतः हातात घेऊन टेबल सांभाळतो आणि नंतर पँट्रीत दोन शब्द सुनावतो? असा सांभाळून घेणारा कॅप्टन हॉटेल बदलतो तेव्हा अर्धी टीम त्याच्यामागे जाते. लाइनमधल्या कोणालाही विचारा. तिथे निष्ठा कुठून आली?

काही जण न सांगता जातात हे मात्र खरं, आणि मागे राहिलेल्यांवर डबल ड्युटी पडते. ते वाईटच. पण आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांचा दुप्पट मोबदला हा राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दिलेला हक्क आहे. तो देऊन झाला असेल, तर मग पळपुटेपणावर बोलू.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत आणि श्रावणही त्यातच येतो. कोणाचा वीक ऑफ कधी, रिलीव्हर कोण, रात्रपाळीवाल्याला स्वतःच्या अखत्यारीत किती खोल्या उघडता येतील, हे आत्ताच लिहून पँट्रीच्या भिंतीवर लावा. पर्वणीला रस्ते बंद असतात, ड्युटी संपली तरी पोरांना घर गाठता येत नाही. त्यांच्या झोपायची आणि जेवणाची जागा गेस्टच्या बुकिंगआधी राखून ठेवा.