‘झीरो डार्क थर्टी’ हा पुरावा नव्हे

‘थर्ड डिग्री दिल्याशिवाय लादेन सापडला नसता. ‘झीरो डार्क थर्टी’ बघा, सत्यकथा आहे. निरपराधांना कुणी उचलत नाही. बॉम्ब फुटायला तासभर उरला असेल तर मानवाधिकारवाले काय करणार?’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. काल भाच्यानेही पाठवला, वर ‘मामा, पटतंय ना?’ अजिबात नाही.

सत्यकथा म्हणाल, तर 2012 साली लादेनच्या शोधावरचा हा सिनेमा आला तेव्हा सीआयएचे हंगामी संचालक मायकेल मोरेल यांनीच आपल्या कर्मचाऱ्यांना कळवलं होतं की, छळामुळे लादेन सापडला असा जो समज सिनेमातून होतो तो चुकीचा आहे. पुढे बोलायची गरज आहे?

आहे, कारण मुद्दा लादेनचे निरोप पोचवणाऱ्या माणसाचा आहे. लादेनपर्यंत वाट गेली ती अबू अहमद अल-कुवेतीमार्गे. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीने डिसेंबर 2014 मध्ये अहवालाचा सारांश खुला केला. त्यात स्पष्ट आहे: अल-कुवेतीबद्दलची सर्वांत अचूक माहिती 2004 मध्ये पकडलेल्या अल-कायदाच्या हसन गुलने दिली, तीही छळ सुरू होण्याआधी. तरी नंतर त्याचा छळ केलाच! 9/11च्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मदला मार्च 2003 मध्ये 183 वेळा वॉटरबोर्डिंग (तोंडावर फडकं टाकून पाणी ओतत बुडाल्यासारखं गुदमरवणं) केलं, आणि अल-कुवेतीबद्दल तो खोटंच बोलला. त्या खोटेपणामुळेच अल-कुवेती महत्त्वाचा असल्याचा संशय बळावला, असं सीआयएवाले सांगतात. बरं, तेवढं घ्या पदरात. पण छळ हे ‘पाप की कर्तव्य’ हे सिनेमातलं द्वंद्व तो उपयोगी पडतो या गृहीतकावरच उभं आहे. ते काढलं की नैतिक गुंतागुंत कसली उरते? नुसतं क्रौर्य उरतं.

निरपराधांचं म्हणाल तर त्याच अहवालात किमान 119 कैद्यांची नोंद आहे. त्यातल्या किमान 26 जणांना सीआयएच्या स्वतःच्या निकषांनुसारही डांबायला नको होतं. जर्मन नागरिक खालिद अल-मस्रीला तर ओळख पटवण्यातल्या चुकीपायी अफगाणिस्तानात नेऊन कोंडलं.

राहिला तासाभराचा बॉम्ब. तो पटकथेत असतो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या कैदेतल्या इब्न अल-शेख अल-लिबी या संशयित दहशतवाद्याला इजिप्तच्या हवाली केलं आणि माराच्या भीतीने त्याने ऐकणाऱ्यांना हवं तेच सांगितलं: इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण देतो. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराकवरच्या कारवाईच्या समर्थनार्थ संयुक्त राष्ट्रांत हीच माहिती मांडली. 2004 मध्ये अल-लिबीने जबाब फिरवला. तोवर अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरून कित्येक महिने झाले होते.