‘रात्रभर मेसेज आणि कामाचा एकही नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: अंधेरीतल्या तुमच्या नर्सिंग होमच्या टेलिफोन सर्व्हरवरून रात्री-अपरात्री अलार्मचे मेसेज येत राहतात, आमचा इंजिनिअर येऊन गेला तरी स्क्रीनवर एक लाल आणि एक पिवळी ओळ तशीच आहे (फोटोही तुम्ही टाकलाय), आणि ‘सगळं डिलीट करून टाका’ म्हटल्यावर त्याने साफ नकार दिला. दुसरा व्हेंडर हेच पाच मिनिटांत करून देतो म्हणतोय. रोज झोपमोड झाली की कुणीही वैतागेल. पण त्या मुलाच्या नकारामागे मी ठाम उभा आहे, आणि का ते इथे सगळ्यांसमोर सांगतो.

आधी लाल ओळ. तुमच्या बाहेरच्या फोनसाठी पीआरआय लाइन आहे, म्हणजे एका जोडणीत बोलण्यासाठी 30 चॅनेल आणि सिग्नलिंगसाठी वेगळा डी-चॅनेल. डी-चॅनेल पडला की तीसच्या तीस चॅनेल एकदम जातात. स्क्रीनवर त्या ओळीत ‘एआयएस’ असं लिहिलंय. तळघरातल्या टेलिकॉम कंपनीच्या मोडेमपासून सर्व्हरपर्यंतची आपली केबल तुटली असती तर तिथे ‘एलओएस’, म्हणजे सिग्नलच नाही, असं आलं असतं. एआयएसचा अर्थ असा की मोडेम सर्व्हरशी बोलतोय, पण त्याला पलीकडून काही मिळत नाहीये. म्हणजे बिघाड मोडेमच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला. आमच्या मुलाने तळघरात जाऊन डबा उघडून बघितला. भिंतीला ओल, आणि आत येणाऱ्या तांब्याच्या जोडीवर हिरवट थर. पावसाळ्यात मुंबईतल्या जुन्या इमारतींत हे नेहमीचंच. ओल वाढली की लाइन पडते, जरा वेळाने आपोआप उठते, परत पडते. प्रत्येक वेळी एआयएस, डी-चॅनेल डाऊन, ट्रंक ग्रुप (बाहेरच्या लाइनचा गट) बंद असे तीन मेसेज, आणि लाइन उठली की ते तिन्ही मिटल्याचे आणखी तीन. कारण एकच, मेसेज सहा.

ती जोडी टेलिकॉम कंपनीची आहे, तिला आम्ही हात लावू शकत नाही. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घेऊन तक्रार टाकलेली आहे. तिथून पहिला प्रश्न येतो, ‘लाइन नेमकी कधी गेली?’ आणि त्याचं उत्तर तुम्हाला नको असलेल्या त्याच यादीत आहे, सेकंदासकट. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ घेऊन, जुळवलेलं असल्यामुळे त्या वेळा कंपनीला त्यांच्याकडच्या नोंदींशी ताडून बघता येतात. यादी पुसली असती तर ‘आमच्याकडून लाइन ओके आहे’ एवढं ऐकून फोन ठेवावा लागला असता.

आता पिवळी ओळ. मॅडम, ‘कामाचा एकही नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं ते हिच्यामुळे. तुमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तोच डेटा. एक गेली तरी दुसरीवर सगळं सुरळीत चालतं, फोन लागतात, इंटरकॉम वाजतो, कुणाला पत्ताही लागत नाही. एक डिस्क गेलेली होती. तसं सांगणारा मायनर, म्हणजे पिवळा, अलार्म त्या लाइनच्या मेसेजच्या ढिगाखाली पडला होता. दुसरी डिस्क तिच्याच वयाची. ती जाती तर आयसीयूतून रात्री डॉक्टरांच्या खोलीत फोन लागला नसता. इंजिनिअरने आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतला, मग डिस्क बदलली, आणि तीही एएमसीमध्येच (वार्षिक देखभाल करारात), वेगळं बिल नाही. तुमच्या फोटोतली पिवळी ओळ त्यानंतरची आहे: नव्या डिस्कवर डेटा उतरत होता. ते काम पूर्ण झालं की ओळ आपोआप जाते, आणि ती गेली आहे.

अलार्म ‘अ‍ॅक्नॉलेज’ करणं म्हणजे कुणीतरी पाहिलं अशी नोंद करणं. तो ‘क्लिअर’ होतो तो सर्व्हरला बिघाड गेलेला दिसल्यावर. हाताने क्लिअर करायची कमांड आहे, हे खरं, आणि पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण रुग्णाचा ताप उतरलेला नसताना चार्टवरचा आकडा खोडण्यातला हा प्रकार आहे. बरेच अलार्म पुढच्या तपासणीत परत येतात. काही मात्र बिघाड होतो तेव्हा एकदाच येतात, ते पुसले की संपलं. त्या व्हेंडरला द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण डिस्कची आणि लाइनची स्थिती त्याच्याकडून आधी लेखी घ्या.

मेसेजचं म्हणाल, तर ही सिस्टिम आमच्याकडे आली तेव्हा सगळे अलार्म चालू होते, आणि आम्ही ते सुरुवातीला मुद्दाम तसेच ठेवतो. जागेची सवय कळल्याशिवाय काय गाळायचं ते ठरवता येत नाही. तुमचा नंबर यादीत तुमच्या ऑफिसच्या पत्रावरून घातला होता. आता ती सवय कळलीये, म्हणून सेटिंग बदललं आहे. लाइन सलग 2 मिनिटं बंद राहिली तरच मेसेज जाईल, आणि तोही एकच, मूळ कारणाचा. वारंवार पडत-उठत असेल तर तासाला एक. लाल अलार्म आमच्या रात्रपाळीच्या इंजिनिअरकडे, पिवळे सकाळच्या मेलमध्ये. तुमच्या फोनवर फक्त बाहेरचे कॉल पूर्ण बंद झाले तर. सर्व्हरवरच्या लॉगमधून मात्र काहीही गाळलेलं नाही आणि गाळणार नाही.

लाइनमन गुरुवारी सकाळी येतोय, आमचा माणूस त्याच्याबरोबर असेल. मागच्या वेळी तळघराच्या चावीसाठी बराच वेळ गेला होता, तेवढी वॉचमनकडे ठेवायला सांगा. जोडी बदलल्यावर लाल ओळ आपोआप मिटते की नाही ते तुम्ही स्वतः स्क्रीनसमोर उभं राहून बघावं अशी विनंती आहे.