जुना बास नवाकोरा कसा करावा

घरात वाडवडिलांची बास गिटार आहे आणि ती दुर्मीळ निघेल अशी भीती वाटतेय? घाबरू नका, उपाय आहेत. गेल्या रविवारी वेंगुर्ल्यात ते सगळे एकाच घरात पाहून आलो.

सुरुवात फोटोपासून. ट्यूबलाइटखाली, पलंगावर लोळणाऱ्या नातवासकट, हलता असा एकच फोटो काढावा आणि खाली लिहावं, 'किती येतील?' मागच्या बाजूचा फोटो मागणारा माणूस लबाड समजावा.

बासला मुळात तारा चारच असतात, तरी 'दोन तुटल्यात' असं सांगावं.

गिटारच्या डोक्यावर फेंडर (ती नामांकित अमेरिकन गिटार कंपनी) लिहिलंय म्हणजे फेंडरच. तसले स्टिकर विकत मिळतात, हा विचारही मनात आणू नये.

ठेवायची माळ्यावर, सुक्या बांगड्यांच्या डब्याशेजारी, तारा ताणलेल्याच. स्क्रूंचं काय करायचं ते खारी हवा बघते. ब्रिजवरचं, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथलं, क्रोमचं झाकण काढून टाकावं. वाजवणारे त्याला अ‍ॅशट्रे म्हणतात. वेंगुर्ल्यात त्यात साबण ठेवतात. (निदान उपयोग तरी होतोय.)

आता मुख्य काम. जुनी दिसते ना? मग रंगवा! या घरातले काका बोटीवर होते. साठच्या दशकात कुठल्याशा बंदरात त्यांनी हा फेंडरचा प्रिसिजन बास घेतला. सनबर्स्ट, म्हणजे कडेला काळा, मध्ये पिवळा. तो पिवळा इतक्या वर्षांत मधासारखा झाला असणार. असणार म्हणतो, कारण मी पाहिला तेव्हा बास निळा होता. होडीचा निळा. पुतण्याने चतुर्थीआधी सुताराकडून पॉलिश पेपर मारून घेतला आणि होडीचा उरलेला ऑइलपेंट वर फासला. "एकदम कोरो करकरीत करून घेतलंय बघा!"

मूळ रंग गेला की किंमत साधारण निम्मी होते, हा जुन्या गिटारींच्या बाजाराचा ढोबळ हिशेब. एवढ्यावर भागलं असतं तर चहा पिऊन गप निघालो असतो. पण नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, मागची पट्टी गंजली म्हणून भंगारात घातली. सीरियल नंबर त्या पट्टीवरच असतो! आवाज खरखरतो म्हणून टीव्हीवाल्याकडून पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचे भाग, बदलून आणले. अहो, त्या पॉटच्या पाठीवर आकडे असतात. समजा 304-6320 आहे, तर 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, 63 साल, 20वा आठवडा. बास त्याआधी जोडलेला असूच शकत नाही. खरखर घालवायला पॉट साफ करायच्या स्प्रेचे दोन फवारे पुरले असते. उरली नेक. ती सोडवली की टाचेवर, म्हणजे धडात बसणाऱ्या टोकावर, महिना आणि साल सापडतं. तिथेही पेपर मारलेला! का, तर "काळा काळा कायतरी दिसा होता." तोच शिक्का होता, महाराज.

1965च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने घेतली. त्याआधीचा बास आणि नंतरचा बास यांच्या भावात लाखांचा फरक पडतो, आधीचा महाग. तो फरक शपथेवर सांगू शकतील असे साक्षीदार या घरात होते. एकेक करून संपवले. आणि वर मलाच ऐकवतात, "नेटर एकजण बारा लाख मागता." मागायला काय जातंय? मागितलेला भाव वेगळा, गिऱ्हाइकाने मोजलेला वेगळा. आणि तो मागणारा निदान रंगाचा डबा घेऊन बसला नव्हता.

छे, हा उपरोध आता मला झेपत नाही. सरळच सांगतो. कोणी सांगितलं होतं हात लावायला? काका गेले, तुम्हाला वाजवता येत नाही, मग ठेवायचा होता तसाच. मळका, गंजका, खरखरणारा. धूळ पुसायची ती कोरड्या फडक्याने, बस्स. खिशात फोन होता ना? सुताराला लावलात तोच आधी कोणा वाजवणाऱ्याला लावायचा होता. साठ वर्षं खाऱ्या वाऱ्याला जे जमलं नाही, ते तुम्ही एका दुपारी करून दाखवलंत. आणि जुने पॉट कुठे, विचारलं तर हसता?

निघताना म्हटलं, बाकी राहू दे, ते साबणाचं झाकण तरी मला द्या, त्याचे पैसे देतो.

"ता नको," पुतण्या म्हणाला, "न्हाणीत लागता."