बसलो होतो, एवढंच

जुलै उजाडला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना आधी विचारतात, ‘पाणी किती फुटांवर?’ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झाले की इशारा, 43 झाले की धोका. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. आमचं घर शुक्रवार पेठेत. दोन्ही वेळा आई आणि वहिनी गल्लीतल्या बायकांबरोबर शाळेच्या वर्गात राहायला गेल्या. मी इकडे जर्मनीत, बॉनमध्ये, फोन उशाला घेऊन.

हे सगळं आठवलं आमच्या धाकट्या काकांमुळं. 2023 मध्ये एका बड्या उद्योजकानं तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सांगितलं, तेव्हापासून काकांना चेव आलाय. घरच्या ग्रुपवर त्यांचं एकच पालुपद : कोल्हापूर मागं राहिलं ते कट्ट्यांमुळं. तालमीच्या कट्ट्यावर तास तास बसायचं, रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध मारायचं, दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांचे निकाल लावायचे आणि जेवायला घरी. शेवटी मला साक्षीला बोलावतात : ‘जर्मनीत असं कोण बसतंय काय, सांग ह्यास्नी!’

काका, इथं विश्रांतीला घटनेचं संरक्षण आहे. रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस, हे कलम 1919 च्या घटनेत होतं, 1949 च्या घटनेनं ते तसंच ठेवलं. दुकानं बंद. आम्ही नवीन होतो तेव्हा नवऱ्यानं एका रविवारी भिंतीला ड्रिल लावलं. दुसऱ्या भोकाआधीच शेजारच्या आजी दारात. पण त्या आजी उरलेला रविवार काढतात खिडकीतल्या कुंड्यांकडं बघत, एकट्या. विसावा मिळतो, सोबत मिळेलच असं नाही. वाट्टेल तेव्हा ‘काय चाललंय?’ म्हणत कुणाच्या दारात जाऊन टेकावं, अशी सोय इथं मला तरी सापडलेली नाही.

एकदाच वेगळं पाहिलं. 14 जुलै 2021 च्या रात्री बॉनच्या दक्षिणेला आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, एकट्या त्या खोऱ्यात 130 हून जास्त माणसं गेली. (आठ-नऊ दिवसांनी पंचगंगा चढली. त्या महिन्यात मी कुठल्या नदीची काळजी करत होते, मलाच कळत नव्हतं.) ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी तिथं चिखल उपसायला गेले. संध्याकाळी रिकाम्या झालेल्या घरांसमोर लाकडी बाकं मांडली गेली. एरवी भेटीची वेळ आधी ठरवणारी माणसं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून खांद्याला खांदा लावून बसली होती. कुणीतरी तळघरातून काढलेली, चिखलाचा थर वाळलेली वाइनची बाटली फिरवत होतं. बोलणं एकच : पाणी कुठवर आलं, तेव्हा तू कुठं होतास.

आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, ‘मग आमी काय वेगळं केलं? मी रडलो नाही गं. सगळ्या बसलो होतो, एवढंच.’ शाळेच्या वर्गात मेथी निवडता निवडता एकेकीनं आपलं काय काय गेलं ते सांगितलं. एकीची शिलाई मशीन, एकीच्या लेकीचा बाळंतविडा. 2019 च्या त्या बसण्यातूनच ठरलं की पुढच्या खेपेला सिलिंडर आधी माडीवर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कोपऱ्यावरच्या आजोबांना कुणाच्या पोरानं उचलायचं. 2021 ला तसंच झालं.

तालमीच्या कट्ट्यावर त्या दिवसांत काय चाललं होतं, हेही भावानं सांगितलंय. अलमट्टी. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या ह्या धरणामुळंच आपल्याकडं पूर येतो, हा कट्ट्याचा निकाल. धरणाची पातळी 519 वरून 524 मीटरवर नेऊ नये, असं मलाही वाटतं. पण 2019 च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या बांधकामांकडंही बोट दाखवलं होतं. नदीच्या निळ्या रेषेचा, म्हणजे जिच्या आत बांधकाम करायचं नसतं त्या पूररेषेचा, विषय कट्ट्यावर निघाला की मात्र कुणाला तरी अचानक चहा आठवतो. रेषेच्या आत प्लॉट असलेलं कुणी ना कुणी तिथं बसलेलंच असतं!

तेव्हा काकांना माझं उत्तर त्यांना आवडणार नाही. कट्टे राहू देत. फक्त आमच्या गल्लीतल्या बायकांना तासभर एकत्र बसायला घरात पाणी शिरावं लागलं, त्याचं काय ते बोला. तालमीत एक खोली आठवड्यातून एक दुपार त्यांना द्या, असं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा टाकला. तो होकार की विषय संपला, कोण जाणे.

परवा फोन केला तेव्हा पाणी 37 फुटांवर होतं. आई म्हणाली, ‘सिलिंडर वर नेलाय. बायका यायल्यात, चहा टाकलाय. ठेव आता फोन.’